आयएफएससीवरून शाखा झटक्यात शोधायची असेल, तर सी शार्पमधलं कीड कलेक्शन असं वापरा

पगाराची फाइल बँकेला पाठवण्याआधी प्रत्येक ओळीतला आयएफएससी, म्हणजे बँकेच्या शाखेचा कोड, खरा आहे का, हे तपासायचं आहे. ओळी ५,०००. शाखांची यादी समजा १,५०,००० नोंदींची. ही यादी साध्या लिस्टमध्ये ठेवून लूपच्या आत ‘फर्स्टऑरडिफॉल्ट’ लावलं, तर एक शाखा सापडेपर्यंत सरासरी ७५,००० तुलना होतात. सगळ्या ओळींच्या मिळून झाल्या साडेसदतीस कोटी. कोड चुकीचा असेल तर त्याच्यापायी अख्खी यादी पालथी घालावी लागते, म्हणजे ज्या ओळी पकडायच्या त्याच सगळ्यात महाग. डेव्हलपरच्या मशीनवर चाचणीला पन्नास शाखा असतात, त्यामुळे तिथे कोणाच्या काही लक्षात येत नाही.

यावरचा उपाय म्हणजे कोड हीच की धरून शोधणारा संग्रह. (मराठीत ‘की’ हे उभयान्वयी अव्ययही आहे. घोळ नको म्हणून या लेखात ते अव्यय वापरलेलं नाही. जिथे ‘की’ दिसेल तिथे ती कुलपाचीच समजावी: जिच्यावरून नोंद शोधायची ते मूल्य.) अशा संग्रहाच्या पोटात हॅश टेबल असतं. कीवरून एक आकडा काढायचा, त्या आकड्यावरून कप्पा ठरवायचा आणि फक्त त्या कप्प्यातल्या एक-दोन नोंदींशी तुलना करायची. यादी दीड लाखाची असो वा पंधरा लाखांची, एका शोधाचा खर्च जवळपास तेवढाच राहतो.

डॉटनेटमध्ये, म्हणजे सी शार्प ज्यावर चालतं त्या प्लॅटफॉर्मवर, यासाठी सगळ्यांच्या हाताशी असते ती डिक्शनरी: की आणि तिची नोंद अशा जोड्यांचा संग्रह. पण इथे की बाहेरून वेगळी द्यायची नाहीये, ती शाखेच्या ऑब्जेक्टमध्येच आहे. शिवाय शाखा फाइलमधल्या क्रमानेच दाखवायच्या आहेत, कधी क्रमांकाने तर कधी कोडने काढायच्या आहेत. नेमक्या अशा कामासाठी २००५ च्या डॉटनेट फ्रेमवर्क २.० पासून ‘कीडकलेक्शन’ (‘कीड’ म्हणजे की लावलेलं) हा क्लास आहे. तो ‘सिस्टिम.कलेक्शन्स.ऑब्जेक्टमॉडेल’ या नेमस्पेसमध्ये बसलेला असल्यामुळे पुष्कळांच्या नजरेला पडतच नाही.

आधी की पारखून घ्या

की म्हणून घ्यायचं फील्ड तीन कसोट्यांना उतरलं पाहिजे: ते प्रत्येक नोंदीला असावं, कोणत्याही दोन नोंदींचं सारखं नसावं आणि नोंद संग्रहात असेपर्यंत बदलू नये.

पिन कोड दुसऱ्या कसोटीला नापास होतो. १५ ऑगस्ट १९७२ पासून चालत आलेला हा सहा आकडी कोड ‘एक पोस्ट ऑफिस, एक कोड’ असा नाही. एकाच पिनखाली अनेक पोस्ट ऑफिसं येतात. पिनला की केलंत, तर दुसरं पोस्ट ऑफिस घालतानाच ‘आर्ग्युमेंट एक्सेप्शन’ येईल. पिनवरून शोधायचं असेल तर ‘टूलुकअप’ वापरा. त्यात एका कीला अनेक नोंदी चालतात आणि नसलेली की मागितली तर एक्सेप्शनऐवजी रिकामी यादी मिळते.

आयएफएससी या कामाला चांगला. एकूण ११ अक्षरं: पहिली चार बँकेची, पाचवं कायम शून्य, शेवटची सहा शाखेची. तिसऱ्या कसोटीवर मात्र तोही डळमळतो. १ एप्रिल २०२० रोजी दहा सरकारी बँकांच्या विलीनीकरणातून चार बँका झाल्या आणि पुढे असंख्य शाखांचे कोड बदलले. त्याचं काय करायचं ते पुढे येतंच.

आणखी एक सवय लावून घ्या. कोड आकड्यांचा असला तरी तो संख्या नव्हे, म्हणून त्याचा टाइप ‘इंट’ न ठेवता ‘स्ट्रिंग’ ठेवा. चेकवर छापलेला शाखेचा नऊ आकडी एमआयसीआर कोड ‘इंट’मध्ये मावतो, म्हणून तो मोह होतो. पण कीडकलेक्शनची की ‘इंट’ असेल तर शाखा[०] लिहिल्यावर पहिली शाखा मिळत नाही. शून्य हा कोड असलेली शाखा शोधली जाते आणि ‘कीनॉटफाउंड एक्सेप्शन’ येतं. कारण सी शार्पचा कंपायलर आधी डिराइव्ह्ड क्लासमधला, म्हणजे कीचा, इंडेक्सर (चौकोनी कंसातून नोंद काढून देणारा भाग) धरतो आणि तो जुळला तर बेस क्लासमधल्या क्रमांकाच्या इंडेक्सरकडे पाहतही नाही. क्रमांकच हवा असेल तर संग्रह आधी ‘कलेक्शन’ या बेस टाइपमध्ये कास्ट करावा लागतो. स्ट्रिंग की ठेवली तर हा प्रश्नच उरत नाही.

क्लास लिहिताना

‘शाखासंग्रह’ नावाचा क्लास करा आणि तो कीडकलेक्शन<स्ट्रिंग, शाखा> वरून इन्हेरिट करा. बेस क्लास ॲबस्ट्रॅक्ट आहे, पण तुमच्या गळ्यात एकच मेथड पडते: ‘गेटकीफॉरआयटेम’. तिला शाखा मिळते, तिने कोड परत द्यायचा. ओव्हरराइड करताना ती प्रोटेक्टेडच राहू द्या. आत नुसतं आयएफएससी प्रॉपर्टी रिटर्न करणारं एक वाक्य पुरे. तिथे स्ट्रिंग कापणं-जोडणं करू नका. ही मेथड नोंद घालताना, काढताना, बदलताना दर वेळी चालते.

मग कन्स्ट्रक्टर. बेसच्या कन्स्ट्रक्टरला दोन गोष्टी देता येतात.

पहिली म्हणजे कंपेअरर, दोन की सारख्या आहेत का हे ठरवणारा. काही दिलं नाही तर लहान आणि कॅपिटल अक्षरं वेगळी धरली जातात आणि कोणी लहान लिपीत टाइप केलेला कोड सापडत नाही. आयएफएससीसाठी ‘स्ट्रिंगकंपेअरर.ऑर्डिनलइग्नोअरकेस’ द्या. ‘करंटकल्चर’वाले कंपेअरर कोडसाठी नकोतच: ते संथ असतात, आणि सर्व्हरची भाषा बदलली तर त्यांची उत्तरंही बदलू शकतात.

दुसरी म्हणजे थ्रेशोल्ड. कीडकलेक्शनच्या आत एक लिस्ट आणि एक डिक्शनरी अशी जोडी असते. डिक्शनरी कितव्या नोंदीनंतर उभारायची, ते या आकड्याने ठरतं. डीफॉल्ट ० आहे, म्हणजे पहिली नोंद पडताच डिक्शनरी तयार. -१ दिलंत तर ती कधीच तयार होत नाही आणि शोध पुन्हा लिस्टवरून, एकेक नोंद तपासत होतो. मेमरी वाचवायची म्हणून कोणीतरी -१ टाकतं आणि मग ‘कीड कलेक्शन लावूनही फरक पडला नाही’ अशी तक्रार येते. पाच-दहा नोंदींचे हजारो छोटे संग्रह असतील तरच थ्रेशोल्डला हात लावा.

मेमरीचा अंदाज घेऊ. ६४ बिट प्रोसेसमध्ये डिक्शनरीतली अशी एक नोंद २४ बाइट्सची, तिच्या कप्प्याचे ४, लिस्टमधल्या रेफरन्सचे ८, मिळून ३६. दीड लाख शाखांना साधारण ५.४ एमबी. आतले ॲरे दुपटीने वाढत असल्यामुळे प्रत्यक्षात याच्या दुप्पटही होऊ शकते. शाखेचा ऑब्जेक्ट मात्र एकदाच असतो, डिक्शनरीत त्याचा फक्त रेफरन्स जातो.

कोडची साफसफाई एकाच ठिकाणी करा आणि ती जागा म्हणजे ‘शाखा’ क्लासचा कन्स्ट्रक्टर. तिथे आजूबाजूची स्पेस काढा, लांबी ११ आहे का पाहा, पाचवं अक्षर शून्यच आहे का पाहा. इथे शून्याच्या जागी इंग्रजी ‘ओ’ हमखास पडतो. स्क्रीनवर दोन्ही सारखेच दिसतात. साफसफाई करणारी मेथड स्टॅटिक ठेवा, म्हणजे शोधायला आलेला कोडही तिच्यातूनच जाईल. घालताना ट्रिम केलं आणि शोधताना केलं नाही, तर एक्सेलमधून आलेल्या शेपटीच्या स्पेसपायी बरोबर कोड ‘सापडत नाही’ म्हणून परत येईल.

फाइल भरताना डुप्लिकेट आला, तर मिळणाऱ्या एक्सेप्शनमध्ये तुमच्या फाइलची कितवी ओळ ते नसतं. म्हणून ‘ॲड’च्या आधी ‘कंटेन्स’ने कोड तपासा आणि आहे असं निघालं तर ओळ क्रमांकासह लॉग करा. एक्सेप्शन गिळून पुढे जाऊ नका. डुप्लिकेट नोंदींपैकी कोणती खरी, हे ठरवणं प्रोग्रामचं काम नाही.

शोधताना

शोधासाठी ‘ट्रायगेटव्हॅल्यू’ वापरा. आधी ‘कंटेन्स’ आणि मग इंडेक्सर असं केलं तर एकाच कोडसाठी हॅश दोनदा काढावा लागतो. कोड असायलाच हवा आणि नसेल तर तो बगच, अशा ठिकाणी सरळ इंडेक्सर वापरा, एक्सेप्शन येऊ द्या.

कीडकलेक्शनमधली ‘ट्रायगेटव्हॅल्यू’ डॉटनेट कोअर २.० पासून आली. जुन्या डॉटनेट फ्रेमवर्कवर ती नाही; तिथे आपल्या क्लासमध्ये स्वतः लिहावी लागते. प्रोटेक्टेड ‘डिक्शनरी’ प्रॉपर्टी घ्यायची आणि तिच्यावर ‘ट्रायगेटव्हॅल्यू’ मारायची. पण रिकाम्या संग्रहात ही प्रॉपर्टी नल असते, कारण डिक्शनरी पहिल्या नोंदीनंतरच जन्माला येते. ती तपासणी विसरलात तर प्रोग्राम नेमका त्या दिवशी पडेल, ज्या दिवशी शाखांची फाइल रिकामी आली असेल.

सगळ्यात जास्त दिसणारी चूक वेगळीच आहे. संग्रह बदलतात, पण शोधाची ओळ तशीच ठेवतात: शाखासंग्रहावर ‘फर्स्टऑरडिफॉल्ट’ किंवा ‘व्हेअर’. लिंक (एलआयएनक्यू), म्हणजे कोणत्याही यादीवर शोध चालवणारी डॉटनेटची सोय; तिच्या या मेथड्सना की म्हणजे काय हे ठाऊकच नाही. त्या पहिल्या नोंदीपासून एकेक पाहत सुटतात आणि आत तयार बसलेली डिक्शनरी तशीच पडून राहते. कोडमध्ये सर्च मारून अशी प्रत्येक जागा काढा.

‘कंटेन्स’चे दोन अवतार आहेत, तेही लक्षात ठेवा. कोड दिला तर शोध डिक्शनरीतून होतो. शाखेचा ऑब्जेक्ट दिला तर लिस्टमधून. ‘इंडेक्सऑफ’ही लिस्टवरूनच चालतो. आणि ‘रिमूव्ह’? कोड देऊन काढलंत तरी डिक्शनरीतून ऑब्जेक्ट मिळाल्यावर लिस्टमध्ये त्याची जागा शोधावी लागते आणि मागच्या सगळ्या नोंदी एकेक घर पुढे सरकवाव्या लागतात. म्हणजे शोध स्वस्त, काढणं महाग. हजारो नोंदी एकदम काढायच्या असतील तर एकेक ‘रिमूव्ह’ करत बसण्यापेक्षा उरणाऱ्या नोंदींचा नवा संग्रह भरा.

कीचा इंडेक्सर फक्त वाचण्यापुरता आहे. डिक्शनरीत जसं कोड देऊन ‘असेल तर बदल, नसेल तर घाल’ एका ओळीत होतं, तसं इथे होत नाही. दिवसभर हेच काम असेल तर तुम्हाला कीडकलेक्शन नको, साधी डिक्शनरीच हवी.

की बदलली तर

यातला सगळ्यात चिवट बग इथलाच. विलीनीकरणानंतर एका शाखेला नवा कोड मिळाला आणि कोणीतरी शाखेच्या आयएफएससी प्रॉपर्टीत तो थेट लिहिला. संग्रहाला याची खबर नाही. डिक्शनरीत जुनाच कोड आहे. आता नव्या कोडने शोधलं तर शाखा मिळत नाही. जुन्याने शोधलं तर मिळते, पण तिच्या आत नवा कोड दिसतो.

पुढे ती शाखा काढून टाकली तर प्रकरण आणखी चिघळतं. काढताना संग्रह ‘गेटकीफॉरआयटेम’ला कोड विचारतो, त्याला नवा कोड मिळतो, तो डिक्शनरीत नसतोच, आणि जुनी नोंद तिथेच राहते. लिस्टमध्ये शाखा नाही, ‘काउंट’ एकने कमी, ‘फॉरइच’मध्ये ती दिसत नाही, तरी जुन्या कोडला ‘कंटेन्स’ हो म्हणतो. असं भूत दिसलं, तर दुसरीकडे कुठे शोधत बसू नका. कीच्या प्रॉपर्टीत कोण लिहितंय ते पाहा.

सरळ मार्ग म्हणजे आयएफएससी प्रॉपर्टीला सेटरच न देणं. कोड बदलला तर जुना ऑब्जेक्ट काढा, नवा घाला. बदल विरळ असतील तर ‘रिमूव्ह’चा खर्च सोसतो.

ऑब्जेक्ट तोच ठेवणं भाग असेल तर ‘चेंजआयटेमकी’ ही प्रोटेक्टेड मेथड आहे. शाखासंग्रहात ‘कोडबदला’ नावाची पब्लिक मेथड लिहा, सेटर इंटर्नल ठेवा आणि क्रम पाळा: आधी ‘चेंजआयटेमकी’ला शाखा आणि नवा कोड द्या, नंतर प्रॉपर्टी बदला. उलटं केलंत तर संग्रह नव्या कोडने शाखा शोधायला जातो, ती सापडत नाही आणि ‘आर्ग्युमेंट एक्सेप्शन’ येतं. पहिली पायरी करून दुसरी विसरलात, तर वरच्यासारखाच घोळ, फक्त उलट्या बाजूने.

जुने कोड काही काळ फाइलींमध्ये येतच राहतात. त्यांच्यासाठी एकाच शाखेच्या दोन प्रती घालू नका. जुन्या कोडवरून नवा कोड देणारी एक छोटी डिक्शनरी वेगळी ठेवा. मुख्य संग्रहात सापडलं नाही, तरच तिच्यात पाहा. वापरणाऱ्याला ‘कोड बदलला आहे’ असं सांगायची सोयही त्यातूनच होते.

एमआयसीआरवरूनही झटपट शोध हवा असेल तर शाखासंग्रहाच्या आत दुसरी डिक्शनरी ठेवा आणि ‘इन्सर्टआयटेम’, ‘सेटआयटेम’, ‘रिमूव्हआयटेम’, ‘क्लिअरआयटेम्स’ या चारही मेथड्स ओव्हरराइड करून ती सांभाळा. चारही. तीन लिहिल्या आणि ‘सेटआयटेम’ राहिली, तर चाचण्या हिरव्या राहतात आणि बिघाड नंतर कधीतरी डोकं वर काढतो.

की मराठी मजकुराची असेल तर

कोडऐवजी गावाच्या नावावर शोधायचं ठरलं, तर ऑर्डिनल कंपेअरर डोळ्यांना दिसतं ते पाहत नाही, खालचे युनिकोड क्रमांक पाहतो. ‘कऱ्हाड’च घ्या. एका फाइलमध्ये त्यातला ऱ हे यू+०९३१ असं एकच अक्षर असतं. दुसरीत र आणि त्याखाली नुक्ता अशी दोन. तिसरीत साधा र, हलन्त आणि मागे न दिसणारा झेडडब्ल्यूजे (शून्य रुंदीचं जोडचिन्ह). पडद्यावर तिन्ही ‘कऱ्हाड’, डिक्शनरीत तीन वेगळ्या की.

स्ट्रिंगवरची ‘नॉर्मलाइझ’ मेथड पहिल्या दोघांना एक करते. तिसऱ्याला ती हात लावत नाही; र, हलन्त, झेडडब्ल्यूजे या तिकडीच्या जागी ऱ आणि हलन्त घालणं तुम्हालाच लिहावं लागतं. ‘ॲप’चंही तेच. ॲ हे एक अक्षर (यू+०९७२) आणि अ वर ॅ देऊन केलेली जोडी, यांना युनिकोड समान मानत नाही, त्यामुळे ‘नॉर्मलाइझ’चा उपयोग नाही. मराठीत हे दोन्ही प्रकार सर्रास टाइप होतात. साफसफाईच्या त्या स्टॅटिक मेथडमध्ये दोन्ही बदल करा, सोबत ०-९ हे मराठी आकडे इंग्रजी आकड्यांत बदलून घ्या, आणि मगच की तयार करा. दाखवायचं नाव मूळ ठेवा. साफ केलेलं रूप फक्त कीपुरतं.

जोडकीबद्दल थोडं. बँकेचं नाव आणि शाखेचं नाव मिळून की करायची असेल तर दोन स्ट्रिंग हायफनने चिकटवू नका. नावातच हायफन निघाला तर दोन वेगळ्या जोड्यांची की एक होते. टपल किंवा रेकॉर्ड घ्या. साधा क्लास घेतलात आणि ‘इक्वल्स’ व ‘गेटहॅशकोड’ ओव्हरराइड केले नाहीत, तर तुलना ऑब्जेक्टच्या ओळखीवर होते आणि तीच मूल्यं भरून केलेल्या नव्या कीने काहीही सापडत नाही. मात्र स्ट्रिंग आतल्या फील्डमध्ये गेली म्हणजे ‘इग्नोअरकेस’ कंपेअरर तिच्यापर्यंत पोचत नाही. अक्षरं आधीच सगळी लहान किंवा सगळी कॅपिटल करून ठेवा.

कुठे हे नको

वीस-तीस नोंदी असतील तर लिस्टच ठेवा. ‘या कोडपासून त्या कोडपर्यंत’ असा शोध हवा असेल तर हॅशचा उपयोग नाही. सॉर्ट केलेली लिस्ट आणि ‘बायनरीसर्च’ घ्या. क्रम नको असेल तर डिक्शनरी. यादी एकदा भरून नंतर फक्त वाचायची असेल आणि तुम्ही डॉटनेट ८ किंवा पुढच्या आवृत्तीवर असाल तर ‘फ्रोझनडिक्शनरी’ बघा. ती तयार व्हायला वेळ घेते पण वाचायला वेगवान आहे. डॉटनेट ९ मध्ये जेनेरिक ‘ऑर्डर्डडिक्शनरी’ही आली, तिच्यात क्रमांकाने आणि कीने दोन्ही वाटांनी जाता येतं, पण की बाहेरून द्यावी लागते. जावावाल्यांना कीडकलेक्शनचा जुळा भाऊ नाही. ‘लिंक्डहॅशमॅप’ भरल्याचा क्रम राखतो, क्रमांकाने नोंद देत नाही.

वेब सर्व्हरवर हा संग्रह अनेक थ्रेड वाचणार असतील तर वाचायला हरकत नाही, पण वाचन चालू असताना कोणी ‘ॲड’ केलं तर काय होईल याची हमी नाही. शाखांची यादी दिवसातून एकदा बदलत असेल तर लॉकच्या भानगडीत न पडता नवा संग्रह बाजूला पूर्ण भरा आणि भरून झाल्यावर रेफरन्स एका फटक्यात बदला. जुना वाचणारे जुनाच वाचून संपवतील.

जेसनमध्ये लिहिताना कीडकलेक्शन ॲरे म्हणून उतरतं, डिक्शनरी ऑब्जेक्ट म्हणून. आधी डिक्शनरी असलेल्या एपीआयमध्ये आतून कीडकलेक्शन आणलंत, तर समोरच्या मोबाइल ॲपला मिळणारा आकारच बदलतो. ती अदलाबदल करण्याआधी पलीकडच्या टीमला विचारा.